हातानं केलेली कार्डं, फराळाचे टॅग आणि रबरी ठसे : देवनागरीचं काय करायचं?

रंगपेटी
यंदा फराळाच्या डब्यांना बांधायचे टॅग आणि जवळच्या लोकांसाठी कार्डं घरीच करायचं ठरवलंय. ऑनलाइन पारदर्शक ठशांचे दोन-तीन संच मागवले. पानं, फुलं, वेलबुट्टी झकास आहे, पण अक्षरं सगळी 'हॅपी बर्थडे' आणि 'थँक यू'. एका संचातून तर बर्फातला माणूस आणि घंटा निघाल्या. मला 'शुभ दीपावली', 'घरचा फराळ' आणि पुढे संक्रांतीला 'तिळगूळ घ्या, गोड बोला' एवढंच हवंय. मराठी ठसे कुठे करून मिळतात?

दुसरं म्हणजे शाई. घरात शिक्के मारायचं जांभळं पॅड होतं, तेच वापरतेय. साध्या कागदावर बरं उठतं. हातकागदावर कडा फुटतात आणि चकचकीत कार्डशीटवर दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतं. असं का? आणि हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र) घ्यावी का? मी पुण्यात, बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक दोन्ही हाकेच्या अंतरावर.

पुठ्ठा_आणि_खळ
शाईपासून सुरुवात करू, कारण ठसा कितीही सुंदर असला तरी शाई चुकीची असेल तर काम गेलंच.

ऑफिसातलं पॅड दिवसभर उघडं राहिलं तरी सुकू नये म्हणून त्या शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असतं. म्हणजे ती हवेत वाळतच नाही, कागदात जिरते. चकचकीत कार्डशीटवर जिरायला जागा नाही, म्हणून बोटाला लागते. हातकागदाला खळ कमी दिलेली असेल तर ती धाग्याधाग्यानं पसरते, म्हणून कडा फुटतात. शिवाय पाण्याचा थेंब पडला की जांभळा ओघळ. पावतीवर शिक्का मारायला उत्तम, कार्डाला नाही.

कार्डांसाठी दोन जाती लक्षात ठेव. डाय इंक कागदात मुरते, पटकन वाळते, रेषा नाजूक उठते, पण उन्हात उडते. पिगमेंट इंकमध्ये रंगाची पूड असते, ती कागदाच्या वर बसते. वाळायला वेळ लागतो, पण रंग टिकतो आणि रंगीत कागदावरही दिसतो. काचेवर, पत्र्याच्या डब्यावर किंवा प्लॅस्टिकवर ठसा हवा असेल तर सॉल्व्हंटची शाई लागते, उदाहरणार्थ स्टेझऑन. टॅगसाठी तिची गरज नाही.

एकच पॅड घ्यायचं तर काळ्या किंवा गडद तपकिरी रंगाचं व्हर्साफाइन घे. पिगमेंट आहे, पण बारीक अक्षर स्वच्छ उठतं आणि त्या मानानं लवकर वाळतं. मार्करनं आत रंग भरायचे असतील तर मेमेंटो, कारण अल्कोहोल मार्कर फिरवला तरी त्याची रेष फिसकटत नाही.

कोकणकन्या
वाचनखूण साठवली. एक भर घालते. आमच्याकडे रत्नागिरीत श्रावणात पिगमेंट इंक वाळायचं नावच घेत नाही. कार्डशीटसुद्धा हवेतली ओल पिऊन वाकडी होते. पावसाळ्यात टॅग करायचे तर डाय इंकनं करा, आणि झालेले टॅग सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत बुरशीचे ठिपके.

टिंबटिंब
सगळं जग फोनवर शुभेच्छा पाठवतंय आणि इथे शाई वाळायची वाट बघणं चालू आहे. चालू द्या.

रंगपेटी
@टिंबटिंब, तुमच्या डब्याला टॅग नाही बांधणार मग. चकल्या मात्र मिळतील.

@पुठ्ठा_आणि_खळ, मनापासून धन्यवाद. म्हणजे ठशाचा दोष नव्हताच. आता देवनागरीचं सांगा कुणीतरी.

शिक्केवाला
ताई, माझं शिक्क्यांचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. तयार मराठी ठशांच्या मागे लागू नका, करून घ्या. कोणत्याही कोर्टाजवळ किंवा तहसील कचेरीजवळ शिक्केवाला असतोच. 'संचालक', 'सरपंच' आणि 'खरी प्रत' करणारा माणूस 'घरचा फराळ' का नाही करणार?

आम्ही धंद्यात आलो तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून मजकूर चौकटीत घट्ट बसवायचो. त्यावर मॅट्रिक्सचा पुठ्ठा गरम प्रेसमध्ये दाबला की अक्षरांचे खळगे उमटायचे. त्या साच्यात कच्चं रबर ठेवून दीडशे अंशांच्या आसपास काही मिनिटं दाबायचं. उष्णतेनं गंधक आणि रबर यांचा मेळ होऊन ठसा पक्का व्हायचा. बारीक मात्रा आणि रफार त्या दाबात चेपायचे, म्हणून जुन्या शिक्क्यांवर 'र्य' आणि 'य' ओळखायला चष्मा लागायचा.

आता दोन पद्धती आहेत. एक पॉलिमर. मजकुराची निगेटिव्ह फिल्म काचेवर ठेवायची, वर पातळ पारदर्शक कागद, कडेनं फोमच्या पट्टीचा बांध, आणि मधे मधासारखं घट्ट द्रव ओतायचं. अतिनील दिव्यात ठेवलं की जिथे उजेड पोचतो तिथे ते घट्ट होतं, बाकीचं कोमट साबणाच्या पाण्यात ब्रशनं धुऊन जातं. दुसरी लेझरची. साधारण २.३ मिलिमीटर जाडीच्या रबराच्या शीटवर लेझर नको तो भाग जाळून काढतो.

कार्डांसाठी माझं मत लेझर रबराला. पॉलिमर पारदर्शक असतं, म्हणून ठसा नेमका कुठे पडणार ते दिसतं, पण उन्हात राहिलं की पिवळं पडून कडक होतं. रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि कुठलीही शाई नीट धरतं. फ्लॅश किंवा सेल्फ इंकिंग, म्हणजे शाई आतच असलेला शिक्का मात्र घेऊ नका. फ्लॅशच्या पोटात तेलकट शाई भरलेली असते, ती कार्डाला डाग देते आणि रंगही बदलता येत नाही.

आता नीट वाचा, कारण घोळ इथेच होतो. फाइल देताना अक्षरांचं चित्र करून द्या, म्हणजे टाइप केलेला मजकूर नको, आउटलाइन केलेली पीडीएफ द्या. बऱ्याच दुकानांत अजून श्रीलिपीसारखे जुने फाँट आणि कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असते. युनिकोड मजकूर (आपण फोनवर टाइप करतो तो) तिथे उघडला की र्‍हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते. 'तिळगूळ'चं 'तळिगूळ' होतं, जोडाक्षराचा पाय मोडतो, आणि मशीनवरच्या पोराला ते लक्षात येत नाही. ठसा उलटा असतो ना, त्यामुळे बघणाऱ्यालाही चटकन कळत नाही. करायला टाकण्याआधी कागदावर सुलटा प्रिंट मागा आणि घरी आणून वाचा.

आणि हो, आरशातली प्रतिमा तुम्ही करून देऊ नका. ते दुकानदार करतो. दोघांनी केली की ठसा सुलटा आणि छाप उलटी.

रंगपेटी
काका, सोनं लिहिलंत. फाँट कोणता घेऊ? आणि लाकडी मुठीसकट घ्यावा की नुसतं रबर?

शिक्केवाला
बारीक-जाड रेषांचे लग्नपत्रिकेतले फाँट टाळा. बारीक रेष ठशात तुटते. रेषेची जाडी सगळीकडे सारखी हवी. 'मुक्त' फुकट मिळतो, त्याचं मध्यम ठळक रूप ठशाला छान. अगदी ठळक घेतलं तर 'भ', 'ध', 'ळ' यांच्या पोटात शाई साचते. मात्रा-वेलांट्यांसकट अक्षराची उंची ८ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. 'शुभ दीपावली' एका ओळीत पाच-सहा सेंटिमीटर रुंद बसतं, टॅगला पुरे.

अक्षर चांगलं असेल तर फाँट सोडा. बोरूनं किंवा तिरक्या टोकाच्या मार्करनं पांढऱ्या कागदावर मोठं लिहा, ६०० डीपीआयला शुद्ध काळं-पांढरं स्कॅन करा आणि ते द्या.

मूठ नको. नुसतं कापलेलं रबर मागा, स्वस्त पडतं. मागे जाड फोमचा डबल टेप लावा आणि ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवा. नवा लेझर ठसा आणल्यावर जुन्या दातांच्या ब्रशनं साबण लावून धुवा. जळलेल्या रबराची काजळी अक्षरांच्या पोटात असते, ती पहिल्या काही छापांत उतरते आणि वासही येतो.

हडसनकाठची
न्यू जर्सीहून. इकडे ठशांचा महापूर आहे, पण देवनागरी इथेही शोधावीच लागते. जोॲनची हस्तकलेच्या सामानाची दुकानं २०२५ मध्ये बंद झाल्यापासून तर हात लावून बघायची सोयही कमी झाली. मी पुण्याला आले की शिक्केवाल्याकडून रबर कापून आणते.

हीट गनबद्दल: घे. एम्बॉसिंगसारखी मजा कशात नाही. व्हर्सामार्कसारख्या चिकट, बिनरंगी शाईनं ठसा मारायचा, वर सोनेरी पावडर भुरभुरवायची, जादाची झटकून परत बाटलीत ओतायची, आणि हीट गननं तापवायची. आधी मातकट दिसणारी पूड एका टोकाकडून वितळत जाते आणि सोन्याच्या पत्र्यासारखी चकाकते. मरून किंवा बाटली-हिरव्या कार्डावर 'शुभ दीपावली' असं उठलं की छापील पत्रिका झक मारते.

दोन गोष्टी. कागदावर आधी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर अगदी हलक्या हातानं फिरवून पुसून घे, नाहीतर बोटांचे ठसे आणि स्थिर वीज यामुळे सोनेरी कण भलतीकडे चिकटतात. आणि गन जवळून एकाच जागी धरू नकोस. पूड वितळल्यावरही तापवत राहिलं तर ती कागदात मुरते आणि चकाकी जाते.

खोडरबर
हीट गन, व्हर्सामार्क, पावडर... फराळापेक्षा टॅग महाग! माझ्यासारख्या कंजूषांसाठी:

इस्त्री कॉटनवर तापवा, बंद करा, तळ वर करून धरा आणि कार्डाची मागची बाजू चिमट्यानं त्याला टेकवा. पावडर वरच्या बाजूला. काही सेकंदांत वितळते. हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, तो पुरेसा तापत नाही आणि पावडर उडवून देतो. व्हर्सामार्कच्या जागी स्पंजवर ग्लिसरीनचे दोन थेंब चालतात, रेघ थोडी जाड येते इतकंच. लहान मुलं आजूबाजूला असतील तर मात्र गुपचूप हीट गन घ्या.

ठसाही घरी होतो. मोठं, मऊ, पांढरं खोडरबर घ्या. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलनं अक्षर गिरवा, तो कागद खोडरबरावर पालथा घालून नखानं घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं, डोकं चालवायला नको. मग लिनोकामाच्या हत्यारानं भोवतालचं काढा. पातं नेहमी अक्षरापासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे प्रत्येक रेषेच्या बुडाला उतार राहतो. सरळ किंवा आत कापलं की अनुस्वाराचा ठिपका दाबल्यावर लुडकतो आणि एक दिवस तुटून पॅडला चिकटलेला सापडतो.

शिरोरेषा इथे आपल्या कामाची आहे. अख्खा शब्द तिला लटकलेला, त्यामुळे अक्षरं सुटी होऊन हलत नाहीत. तरी पहिल्यांदा करणाऱ्यानं अक्षर कोरून काढावं आणि भोवतालचं रबर ठेवावं. छापल्यावर रंगीत पट्टीत कागदाचंच पांढरं अक्षर उठतं. निम्मी मेहनत, आणि दिसतंही उठावदार.

हडसनकाठची
@खोडरबर, इस्त्रीची युक्ती मान्य, पण पंचवीस टॅग करायला बसलात की हात भाजणार. आणि कार्ड तापून वाकतं ते वेगळंच. एकदाच होणारा खर्च आहे हो.

खोडरबर
एकदाच होणारा खर्च म्हणूनच आमच्या माळ्यावर दोन पास्ता मशीन आहेत.

हात_कागद
रंगपेटी, हातकागदाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो, झाड लागत नाही. तिथे कागद हातात घेऊन निवडता येतो, हे महत्त्वाचं, कारण ठशासाठी सगळा हातकागद सारखा नसतो.

फुलांच्या पाकळ्या, गवत, सोनेरी धागे घातलेला कागद ठशाला घेऊ नकोस. तो लिफाफ्याला शोभतो. ठशासाठी गुळगुळीत दाबलेला, निदान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम, म्हणजे चांगला जाड) घे. दोन्ही बाजू बोटानं चाचपून बघ, एक बाजू थोडी सपाट असते, छाप तिच्यावर. कागदाखाली माउसपॅड किंवा मासिकाची चार पानं ठेव. खालचं बूड थोडं मऊ असलं की रबर कागदाच्या खाचखळग्यांत उतरतं. ठसा पॅडवर आपटायचा नाही, ठसा उताणा धरून पॅडनं त्याला टिपायचं. आणि दाबताना हलवायचा नाही, सरळ वर उचलायचा. हलला की दुहेरी सावली. बारीक मजकूर हातकागदावर टाकूच नकोस. तो गुळगुळीत आयव्हरी कार्डाच्या छोट्या पट्टीवर छाप आणि पट्टी हातकागदावर चिकटव. सगळ्यात देखणं तेच दिसतं.

घडीचं कार्ड असेल तर घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेनं घाल. मशीनच्या कार्डशीटला धागा असतो. ए४ कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघ, ज्या दिशेनं सहज वाकतो तो धागा. उलट घातली की घडीवर रंग तडकतो आणि आतला पांढरा कागद दिसतो. घडीआधी बिनशाईच्या बॉलपेननं पट्टी लावून रेघ ओढ. ए४ निम्मा कापून घडी घातली की ए६ कार्ड होतं, त्याला सी६ लिफाफा तयार मिळतो. कार्ड मापात केलं तर लिफाफे चिकटवत बसावं लागत नाही.

कोकणकन्या
घरगुती रंगांचं थोडं अवांतर. टॅग जुनाट दिसायला हवे असतील तर कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा आणि जड पुस्तकाखाली ठेवा. हळदीचं पाणीही सुरेख पिवळं देतं, पण उन्हात आठवड्याभरात उडतं. आणि त्या टॅगला साबणाचा हात लागला तर लाल डाग पडतो, चुन्यानं कुंकू होतं तसाच. भाचरांना हाताशी घेऊन मुद्दाम करायला मात्र मस्त: हळदीचा टॅग, आणि चुन्याच्या निवळीत बुडवलेल्या ब्रशनं त्यावर लाल अक्षरं. हिरड्याचं पाणी आणि गंजलेले खिळे यांची काळी शाई माझी आजी करायची, ती टाकानं लिहायला पक्की, पण पॅडमध्ये भरू नका, मंडळी. गाळ बसतो.

पाचवी_ब
भेंडी! भेंडीचे ठसे विसरलात का सगळे? आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. चिकटपणा जाईपर्यंत तासभर वाऱ्यावर ठेवायची आणि पोस्टर कलर स्पंजवर लावून छापायचं. लाकडी ठसे आणलेत का कुणी? माझ्याकडे कापडावर छापायचे सागवानी ठसे आहेत, कागदावर अर्धवट उठतात.

पुठ्ठा_आणि_खळ
@पाचवी_ब, लाकूड कडक, कागद कडक, मधे शाईचं पॅड पातळ, मग कसं उठणार? कापडछपाईवाले टेबलावर गोधडीसारखे थर घालतात ते उगाच नाही. खाली दुमडलेली चादर घ्या, ठशाला पॅडऐवजी ॲक्रिलिक रंग स्पंजनं अगदी पातळ लावा आणि वरून मुठीनं एक ठोका द्या. छापून झाल्याबरोबर ठसा धुवा, ॲक्रिलिक नक्षीत सुकला की टाचणीनं कोरत बसावं लागतं.

रंगपेटीच्या पारदर्शक संचांबद्दल राहिलं. नव्या पॉलिमरवर शाईचे मणी जमतात आणि छाप ठिपक्याठिपक्यांची येते. ठशाच्या तोंडावरून साधं खोडरबर हलकंच फिरव, वरची चकाकी मारली की शाई सारखी धरेल.

रंगपेटी
काय माहिती दिलीत सगळ्यांनी! मी 'शुभ दीपावली' हातानं लिहून करायला टाकतेय, 'घरचा फराळ' मुक्तमध्ये. खोडरबर कोरायचंही डोक्यात बसलंय, पणतीपासून सुरुवात करीन. हीट गनचा निर्णय पगारानंतर.

एकच शंका उरलीय. टॅग डब्याच्या आत टाकला तर चालेल का? झाकणावर दोरी नीट बसत नाही.

कोकणकन्या
आत अजिबात नको. चिवड्याचं आणि चकलीचं तेल कागद ओढून घेतो, तासाभरात टॅग पारदर्शक. शिवाय या शाया खाण्याच्या पदार्थाला लागाव्यात अशा केलेल्या नसतात. डब्याला आडवी कागदी पट्टी गुंडाळ, मागे डबल टेपनं जोड आणि टॅग त्या पट्टीत अडकव. दोरीची गरजच नाही.

रंगपेटी
हे सुचलंच नव्हतं. पट्टीच करते. आणि ठसे पुसायचे कशानं? घरात नेलपॉलिश रिमूव्हर आहे.

शिक्केवाला
रिमूव्हर, रॉकेल, थिनर काही नको. रबर फुगतं, पॉलिमर चिकट होऊन विरघळायला लागतं. दोन्हींना ओलं फडकं पुरतं, फार तर साबणाचा फेस. लाकडी मुठीचा असेल तर पाण्यात बुडवू नका, मधला फोम सुटतो. स्टेझऑन वापरलीत तर तिचा क्लीनर वेगळा मिळतो, आणि ती शाई पॉलिमरला लावूच नका. डाग राहिला तर राहू द्या, छापेत येत नाही. पॉलिमरचे ठसे त्यांच्या प्लॅस्टिकच्या शीटवर चिकटवून कपाटात ठेवा, खिडकीत नको.

फाइल तयार झाली की इथे टाका, वेलांट्या बघून देतो.